निळ्या झग्यातली ओळ

आमच्या दुकानात माप घ्यायची एक रीत होती. टेप अंगाभोवती फिरवायची आणि ओढायच्या आधी तिच्याखाली आपली दोन बोटं घालायची. तेवढी जागा माणसाची, असं वडील म्हणायचे. वडील गेल्यावर धाकटा भाऊ मास्तर झाला. बेतणं आणि कापणं त्याच्याकडे आलं. काज, हूक, तुरपाई आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे राहिलं. मास्तरचा हात वडिलांपेक्षा चांगला होता. तोंड त्यांच्यापेक्षा वाईट होतं, म्हणून बोलायचं काम माझं.

ती दोन बोटं मास्तरनं एकदाच काढली, त्याची ही गोष्ट.

गाणाऱ्या बाई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना कुणी निळी म्हणत नव्हतं. कुणी काहीच म्हणत नव्हतं. एका मोठ्या हॉटेलाच्या जेवणघरात, कोपऱ्यात उभ्या राहून त्या बरीच वर्षं संध्याकाळी गात होत्या. लोक जेवत. गाणं चालू असताना कुणी मान वर केलीच तर ती वाढप्याला बोलवायला. बाई उंच होत्या, हाडापेरानं मजबूत, चाळिशीला टेकलेल्या. रोज तोच तपकिरी झगा घालायच्या, कारण त्यावर डाग दिसत नाहीत.

बरोबर त्यांचे भाऊजी होते, थोरल्या बहिणीचे नवरे. मेहुणीचं नाव करायचं हे त्यांनी मनावर घेतलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच की गळा आहे, पण गळा कुणाला दिसत नाही. त्यांनी खिशातून मासिकातलं एक कापलेलं चित्र काढलं. हनुवटीपर्यंत ताठ कॉलर, मनगटापर्यंत बाह्या, आणि कंबर अशी की दोन हातांच्या पंजात मावावी. रंग गडद निळा. असा झगा शिवायचा, त्यात फोटो काढायचा आणि तो फोटो गावभर लावायचा, असा त्यांचा बेत होता. झगा फक्त फोटोपुरता, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मास्तरचे डोळे चित्र बघूनच चमकले. त्यानं बाईंना श्वास सोडायला सांगितला आणि टेप ओढली. बोटं घातली नाहीत. मी म्हटलं, "अरे, बाई गातात."

"ताई, फोटोला श्वास लागत नाही," मास्तर म्हणाला.

झगा मात्र असा झाला की मीसुद्धा बघत राहिले. आत ताठ पट्ट्या, बाहेर एक सुरकुती नाही. शिवणी बारीक दिसाव्यात म्हणून मास्तरनं आत मायाही ठेवली नव्हती, म्हणजे पुढे कधी सैल करायचा म्हटला तर जादा कापडच नाही. पाठीचे हूक लावताना मला बाईंच्या पाठीवर गुडघा टेकवावा लागला. त्या म्हणाल्या, लावा, लावा, थोडाच वेळ तर आहे.

फोटोत त्यांची हनुवटी वर होती आणि ओठ किंचित उघडे. पुढे त्या उघड्या ओठांवर लोकांनी फार बोलून घेतलं. कुणाला वाटायचं त्या काही सांगणार आहेत, कुणाला वाटायचं नुकतंच कुणी सोडून गेलंय. मी तिथं होते. त्यांना हवा लागत होती.

फोटो भिंतीभिंतीवर लागला आणि नाट्यगृह भरलं. भाऊजींनासुद्धा इतकी गर्दी अपेक्षित नव्हती. बाई तपकिरी झग्यात स्टेजवर आल्या तर लोक कुजबुजायला लागले. हीच का ती, असं मागून कुणीतरी मोठ्यानं विचारलं. मध्यंतरात भाऊजींनी माणसं पाठवून निळा झगा मागवला, मला दुकानातून उचलून आणलं आणि मी पुन्हा गुडघा टेकवला.

शेवटचं गाणं बाईंच्या आईचं होतं. एक बाई लांबून घरी यायला निघालीय आणि घरच्यांना सांगतेय, "दार नको लावू अजून, मी पुलापाशी आले." प्रत्येक कडव्यानंतर ही ओळ येते. चाल लांब आहे, चढत जाते, आणि सगळी एका दमात म्हणायची. त्या दिवशी बाई "अजून"पर्यंत पोचल्या आणि आतलं सगळं संपलं. ओळ तिथं मोडली. एक बारीकसा हुंदक्यासारखा आवाज झाला, मग उरलेले शब्द आले. मी विंगेत डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेलं सगळं.

नाट्यगृह उठून उभं राहिलं.

तिथून त्या निळी झाल्या. आमच्या शेजारी औषधाचं दुकान होतं. त्या औषधवाल्यानं खोकल्याच्या बाटल्यांच्या वर निळीचा फोटो लावला आणि गिऱ्हाइकाला गोळ्या मोजून देता देता तो त्या मोडण्याबद्दल बोलायचा. म्हणायचा, गाणारे पुष्कळ आहेत, पण अशी मोडणारी दुसरी नाही. त्याची बायको आतून ऐकत असायची. ती म्हणायची, मी लग्न झाल्यापासून मोडतेय, ते नाही कधी ऐकू आलं. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं की त्या एका अडखळण्यात आख्खं आयुष्य उभं आहे. गाण्याच्या वर्गांत मुलींना ती ओळ शिकवायला लागले तेव्हा "अजून"नंतर हुंदका कसा द्यायचा तेही शिकवायला लागले. आमच्याकडे निळ्या झग्यांची रीघ लागली. मास्तर त्या सगळ्यांना मात्र दोन बोटं ठेवायचा. म्हणायचा, यांना घरी जाऊन जेवायचंय.

बाई अधूनमधून हूक बदलायला यायच्या. दर वेळी हूकच तुटायचे, कापड नाही. झगा काढल्यावर बरगड्यांवर पट्ट्यांचे वळ दिसायचे, जुन्यावर नवे. एकदा त्या खुर्चीवर नुसत्याच बसून राहिल्या आणि आईबद्दल बोलल्या. आई ही ओळ कधी तोडू द्यायची नाही. आईचं म्हणणं, गाण्यातली बाई पुलापाशी थांबलेली नाही, ती चालतेय. तू श्वास घेतलास की ती थांबते, आणि थांबली की ती पोचत नाही. लहानपणी ओळ तुटली की आई पहिल्यापासून म्हणायला लावायची.

"आता लोक ती तुटावी म्हणूनच येतात," त्या म्हणाल्या. "ताई, माझा दम दरवर्षी कमी होतोय. मला आतून कळतं. अजून थोडी वर्षं ती ओळ आख्खी निघेल. मग मला हवी असली तरी नाही निघायची. त्याआधी एकदा तरी लोकांपुढे आख्खी म्हणू दे मला."

मी मास्तरला सांगितलं. तो म्हणाला, मायाच नाही तर सैल काय करू, माझं डोकं? शिवाय भाऊजींनी बजावलं होतं की त्या झग्याच्या धाग्यालाही हात लावायचा नाही. पण खरी गोष्ट निराळी होती. तो झगा मास्तरच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं, आणि आपल्या चांगल्या कामाला तो दुसऱ्याच्या बरगड्यांपेक्षा जपायचा.

मास्तर कापड खरेदीला बाहेरगावी गेला त्या दिवशी मी झगा उसवला. त्याच ताग्याच्या चिंध्या गाठोड्यात होत्या. दोन्ही बाजूंना बगलेपासून कमरेपर्यंत एक एक कळी घातली, म्हणजे शिवणीत निमुळता तुकडा. हात खाली असले की ती दिसत नाही, आणि बाई स्टेजवर हात उचलायच्या नाहीत. आतल्या पट्ट्या थोड्या बाहेर सरकवल्या. बाईंनी घालून बघितला आणि पोट भरून श्वास घेतला. आरशात सगळं पहिल्यासारखंच दिसत होतं. त्या आरशाकडे बघून हसल्या नाहीत, नुसत्या श्वास घेत राहिल्या.

पुढच्या कार्यक्रमाला मी विंगेत उभी होते. तिथून मला त्यांची पाठ दिसत होती, माझे हूक, आणि पियानोवाल्याचं टक्कल. ओळ आली. "दार नको लावू अजून" आणि तिथून न थांबता, जिना चढून गच्चीवर जावं तशी, वर, "मी पुलापाशी आले." कुठे जोड नव्हता. "अजून"नंतर पियानोवाला सवयीनं दोन सूर भरायचा, बाईंना सावरायला वेळ म्हणून. त्याचे ते सूर बाईंच्या शब्दांवर जाऊन आपटले. प्रत्येक कडव्याला आपटले. खाली उतरल्यावर तो कुरकुरला की आज बाईंची घाई झाली.

मग लोक आत भेटायला आले. सगळ्यांत पुढे आमचा औषधवाला, डोळे पुसत. तो म्हणाला, "आज काय मोडलात हो बाई. इतकं कधी मोडला नव्हतात."

बाईंनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मागच्यांनीही तेच सांगितलं. एक बाई म्हणाली की हुंदका आला तेव्हा तिनं शेजारणीचा हात धरला. खोटं कुणीच बोलत नव्हतं, ते चेहऱ्यावरून दिसत होतं. त्या लोकांना निळा झगा दिसला होता, वर झालेली हनुवटी दिसली होती, उघडे ओठ दिसले होते. पुढचं त्यांचं त्यांनी ऐकलं होतं.

बाईंना वाटलं, पहिल्यांदा असं होतं. त्यांनी पुन्हा आख्खी म्हटली, पुन्हा तेच. तिसऱ्या गावी तेच. पियानोवाल्यानं कंटाळून आपले दोन सूर काढून टाकले, तरी वर्तमानपत्रात "ती प्रसिद्ध मोडलेली ओळ" असं छापून आलं.

तेव्हा त्यांनी भाऊजींना सांगितलं की यापुढे मी तपकिरी झग्यात गाणार. भाऊजींनी हात जोडले, बहिणीला मध्ये घातलं, शेवटी म्हणाले, एकदा करून बघा. त्या कार्यक्रमाला मी पुन्हा विंगेतच होते. बाई त्या दिवशी जास्तच चांगल्या गायल्या असं मला वाटलं. ओळ सुरुवातीपासून शेवटापर्यंत कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणलेली. टाळ्या पडल्या, पाहुण्यांच्या मुलानं कविता म्हटल्यावर पडतात तेवढ्या. बऱ्याच खुर्च्या तर मध्यंतरानंतरच रिकाम्या झाल्या होत्या. काहींनी दारात तिकिटावरून हुज्जत घातली.

दुसऱ्या दिवशी औषधवाला मला म्हणाला की बाईंचा आवाज बसलाय, जाडसर झालाय, आणि ते मोडणंही राहिलं नाही, नुसतं सरळ म्हणतात. त्यानं गुळण्यांचं औषध माझ्याजवळ दिलं, त्यांना पोचवा म्हणाला. बायको आतून म्हणाली, मला कधी खोकल्याची गोळी दिली नाही हो या माणसानं. भाऊजी रागावले नाहीत. पुढच्या दोन नाट्यगृहांनी नको म्हटलंय, एवढंच त्यांनी सांगितलं आणि ते बाईंकडे बघत बसले.

बाई गुळण्यांचं औषध परत करायला दुकानात आल्या. मास्तर समोर होता म्हणून त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं, इस्त्रीच्या टेबलापाशी. त्यांची झोप झाली नसावी.

"तपकिरीत त्यांना आख्खी ऐकू येते आणि ती नको असते," त्या म्हणाल्या. "निळ्यात मी हवी असते, पण ती ऐकू येत नाही. ताई, आता मला माझंच कळेनासं झालंय. एवढे लोक सांगतात मोडली, तर मी खरंच मोडत असेन. सवय लागली असेल अंगाला. मला कसं कळणार?"

मी म्हटलं, मी ऐकलीय ना, आख्खी होती.

"तुम्ही मागे असता. पुढे बसा. लोकांत बसून ऐका आणि खरं ते सांगा. तुम्हालाही मोडलेली ऐकू आली, तर मी भाऊजींना सांगते, बास झालं. मग निळा नको, तपकिरी नको, काहीच नको."

त्या हे रडून वगैरे बोलल्या नाहीत. हूक बदलायला सांगावेत तसं सांगितलं. म्हणूनच मला भीती वाटली.

झगा हूक लावायला दुकानात आला तेव्हा मास्तरला कळी सापडली. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर दिव्याखाली बसून माझे टाके उसवत होता. मला वाटलं कळी काढतोय. तो म्हणाला, "करायचंच होतं तर नीट तरी करायचं. हे काय, पोत्याला शिवतात तसं." त्यानं दोन्ही कळ्या पुन्हा बसवल्या. त्यानंतर मलाही त्या शोधून सापडेनात.

कार्यक्रमाला मी तिसऱ्या रांगेत बसले. शेजारी औषधवाल्याची बायको होती. नवरा पहिल्या रांगेत होता, त्याला बायकोशेजारी बसून नीट ऐकू येत नाही म्हणे. पडदा वर गेला आणि निळा झगा दिसला. इतकी वर्षं मी तो शिवला, उसवला, घातला, काढला, पण पुढून, दिव्यांत, कधी बघितलाच नव्हता. मास्तरचं काम बघून माझा हात नकळत छातीशी गेला. ती कंबर बघून माझाच श्वास अडकला. आत कळ्या आहेत हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून काही उपयोग झाला नाही.

शेवटचं गाणं आलं. पहिलं कडवं झालं. "दार नको लावू अजून," आणि ओळ मोडली. मी स्पष्ट ऐकलं. तो बारीक हुंदका, मग उरलेले शब्द. आता आत जाऊन या बाईला काय सांगायचं, हे मनात जुळवायला लागले. दुसरं कडवं चालू होतं. काहीतरी धड सुचावं म्हणून मी मान खाली घातली आणि मांडीवरच्या हातांकडे बघत राहिले, बोटांना सुयांनी पडलेल्या घट्ट्यांकडे. तेवढ्यात ओळ आली आणि माझ्या डोक्यावरून सरळ निघून गेली. आख्खी. कुठे जोड नाही.

तिसऱ्या कडव्याला मी मुद्दाम वर बघितलं. हनुवटी वर होती, ओठ उघडे. ओळ मोडली. चौथ्याला खाली बघितलं. आख्खी.

आतल्या खोलीत मी हूक काढत होते. त्या आरशातून माझ्याकडे बघत होत्या, विचारत नव्हत्या. मी म्हटलं, "बाई, खरं सांगते. तुमच्याकडे बघितलं तेव्हा मोडली. खाली बघितलं तेव्हा आख्खी होती. दोन्ही दोन-दोनदा करून बघितलं."

त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मला हूक धरता येईनात. बाहेरून भाऊजींनी दार वाजवून विचारलं, काय झालं, बरं वाटत नाही का.

"म्हणजे मी मोडत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि तुम्हालासुद्धा."

"मलासुद्धा. तो झगाच तसा झालाय."

त्यांनी डोळे पुसले. बाह्यांमधून हात काढले, निळा झगा खुर्चीवर टाकला आणि तपकिरी चढवला. बटणं लावता लावता म्हणाल्या, "मग येत जा. तिसऱ्या रांगेतच बसा, मला दिसेल असं. आणि वर बघायचं नाही."

भाऊजींना त्यांनी बास म्हटलं नाही. निळा झगा चालू राहिला, गर्दी चालू राहिली, औषधवाला तर प्रत्येक कार्यक्रमानंतर आज आधीपेक्षा जास्त मोडल्या असं सांगायचा. बाईंच्या गाण्यात मात्र फरक पडला. ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर आईची सगळी अवघड गाणी त्यांनी बाहेर काढली. मधेच एखादी नवी जागा घ्यायच्या, आधी न म्हटलेली. लोक हुंदक्याची वाट बघायचे, तो त्यांना मिळायचा. मी मांडीकडे बघत बसायचे. बाई वरून ते एक खाली घातलेलं डोकं शोधायच्या आणि मग ओळ उचलायच्या. हे मला त्यांनीच सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात कार्यक्रम आमच्याच गावात होता. बाईंनी त्या दिवशी ओळ आणखी लांबवली. "पुलापाशी" वर जाऊन त्या तिथंच फिरत राहिल्या, एका दमात, आणि पुढचा शब्द येता येईना. माझी मान खाली होती. औषधवाल्याच्या बायकोनं मला कोपरानं ढोसलं. कानाशी येऊन म्हणाली, "अहो ताई, उठा. एवढं तिकीट काढून कुणी झोपतं का?"

ओळ अजून संपली नव्हती, म्हणून मी तिला उत्तर दिलं नाही.